उशीखालचा वधस्तंभ

१९७२ साली रामसे बंधूंनी अत्यल्प खर्चात, महाबळेश्वरी चित्रीकरण करून, 'दो गज जमीन के नीचे' हा भयपट काढला. पुढे व्हिडिओ कॅसेटमधून असे चित्रपट घराघरांत शिरले. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधील आमच्या घरी एका सायंकाळी मुलांनी तो लावला. त्या रात्री माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याने भिंतीवरील लाकडी वधस्तंभ काढून उशीखाली ठेवला.

प्रिय वाचकहो, तो काढून घ्यावा काय? मोशेने केलेल्या पितळी सापाकडे पाहून लोक वाचले. पण पुढे ते त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडला (२ राजे १८:४). इफिसात एका यहूदी मुख्य याजकाच्या सात मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरले आणि घायाळ होऊन पळाले (प्रे. कृत्ये १९:१३-१६). खूण तारीत नाही. जो तारतो त्याची ती खूण आहे.

तरीही मी वधस्तंभ काढला नाही. भ्यालेल्या लेकराचा आधार हिरावून घेणे सोपे. त्या आधाराच्या जागी स्वतः बसणे कठीण. नव्या करारातील 'फोबोस' हा एकच ग्रीक शब्द धास्तीही सांगतो आणि आदरही. भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहावा लागतो. लेकराच्या श्रद्धेचाही तसाच पाहावा. योहान आपल्या पहिल्या पत्रात भीतीवर उपाय सांगतो तो प्रीतीचा, ताइताचा नव्हे. म्हणून प्रार्थना करून मी त्याला झोप लागेपर्यंत उशाशी बसलो.

आपण मुलांच्या हाती खूण देतो. सोबत देतो काय?