सगळं दाखवलं म्हणजे कळतं का?

नोकरी सोडताना एक काम राहिलं होतं: माझी ग्राफ फाइल छापून ठेवायची.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात होतो. आमच्याकडे कोड टाइप करत नाहीत. ग्रासहॉपर, डायनॅमो यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. डावीकडून आकडे शिरतात, उजवीकडून भिंती आणि खिडक्या बाहेर पडतात. चौकोन वाढतात तसा कॅनव्हास पसरतो. स्क्रीनला कडा नसल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. कागद मात्र लगेच जाणीव करून देतो.

माझा कॅनव्हास साधारण ३०,००० बाय १०,००० पिक्सेल भरला. म्हणजे ३० कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर नुसतं चित्र मेमरीत उभं करायला १.२ जीबी लागतात. पहिली एक्स्पोर्ट कोरी आली. दुसरी आली, पण झूम कमी असल्यामुळे चौकोनांवरची नावंच गायब. शेवटी तुकडे पाडले. अक्षरं वाचता यावीत म्हणून इंचाला १५० पिक्सेल ठेवले, तर ए-थ्रीचे ७८ कागद झाले. ते सेलोटेपने जोडून मीटिंग रूममध्ये जमिनीवर अंथरले. पाच मीटर लांब!

मग एक गंमत कळली. वाकून पाहिलं की अक्षरं वाचता येत, पण आपण कुठे आहोत ते कळेना. खुर्चीवर उभा राहिलो तर सगळं दिसे, पण वाचता काहीच येईना. स्क्रीनवर बोटाने झूम करताना वाटायचं, आपण एकाच वेळी दोन्ही पाहतोय. खरं तर आपण एकदा हे आणि एकदा ते पाहतो, आणि मधली जोडणी मनात करतो. ती जोडणी छापली जात नाही.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. नैयायिक म्हणत, अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो. बौद्ध म्हणत, नसतो. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? माझा रथ जमिनीवर पसरला होता, एकही सुटा भाग न वगळता.

माझ्या जागी येणारी मुलगी गुडघ्यांवर बसून वाचत होती. तिने एका स्लायडरवर बोट ठेवलं. “दादा, हा ०.६ कुठून आला?”

मला आठवेना. त्या आकड्यावर एका हॉस्टेलच्या सगळ्या खिडक्यांची उंची ठरत होती. बहुधा डेडलाइनच्या रात्री, चित्र बरं दिसावं म्हणून ओढलेला. त्या खोल्यांत कोणीतरी चार वर्षं राहणार, त्या उजेडात अभ्यास करणार. आणि कागदावर तो स्लायडर शेजारच्या रंगाच्या स्लायडरएवढाच होता.

मी तर काहीच लपवलं नव्हतं. उलट, सगळं दाखवलं होतं. तरीही तो आकडा लपलेलाच होता. प्रामाणिकपणा म्हणजे सगळं समोर टाकणं, असं आपण धरून चालतो. पन्नास पानांच्या अटी दाखवून ‘आय अ‍ॅग्री’ दाबायला लावणारेही सगळं दाखवतातच. न वाचता येणारं सत्य समोरच्याला देणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं.

मग निवडून, आटोपशीर दाखवावं का? त्यातही धोका आहे. वीस चौकोन एका डब्यात घालून वर ‘खिडक्या’ लिहिलं, की कॅनव्हास सुटसुटीत होतो आणि ०.६ कायमचा पोटात जातो. काय वगळायचं हे ठरवणारा मीच, आणि चूकही माझीच.

मला सापडलेलं उत्तर लहान आहे. जिथे यंत्राने नाही, मी ठरवलं, त्या जागा तरी ओळखता आल्या पाहिजेत. बाकीचं गणित सॉफ्टवेअर पुन्हा करून दाखवेल; माझं कारण ते दाखवू शकणार नाही.

शेवटचे दोन दिवस मी नवीन प्रिंट काढली नाही. लाल पेन घेऊन त्या ७८ कागदांवर रांगत फिरलो आणि मी ठरवलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी कारण लिहिलं. ०.६ शेजारी लिहिलं: ‘कारण नाही. पुन्हा तपासा.’

ते लिहिताना लाज वाटली. पण अख्ख्या पाच मीटरमध्ये तिला सर्वांत आधी उपयोगी पडली ती तीच ओळ.