काढून घेतलेला चेहरा : मोठ्या निगेटिव्हच्या छायाचित्रणातील एक नैतिक प्रश्न

मराठीत छायाचित्राच्या संदर्भात दोन क्रियापदे सर्रास वापरली जातात आणि ती परस्परांना पर्यायी आहेत असे सहसा धरले जाते. छायाचित्रकार क्षण ‘टिपतो’. माणूस आपला फोटो ‘काढून घेतो’. टिपण्यात पाखराने दाणा टिपावा तशी चपळाई आहे, शिकाऱ्याने सावज टिपावे तसा नेमही आहे. ज्याला टिपले जाते त्याला त्याची खबर नसणे या क्रियेत बहुधा गृहीतच असते. ‘काढून घेणे’मध्ये मात्र समोरच्या माणसाचे कर्तेपण ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने शाबूत राखलेले असते. तो स्टुडिओत जातो, टोपी सारखी करतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. कॅमेऱ्याला बंदुकीची उपमा सुझन सॉन्टॅगच्या १९७७च्या पुस्तकामुळे सिद्धान्तचर्चेत रुळली. मराठीच्या ‘टिपणे’त ती रूपकाचे भान न ठेवता वावरत असते.

मोठ्या निगेटिव्हचे, म्हणजे ४ × ५ किंवा ८ × १० इंची सुट्या फिल्मवर केल्या जाणाऱ्या छायाचित्रणाचे आकर्षण अद्याप का टिकून आहे, या प्रश्नाची चर्चा बहुधा दुसऱ्या क्रियापदाला वळसा घालून होते. पहिल्यांदा पुढे येते ते तपशिलाचे उत्तर. ८ × १० इंची फिल्मचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकटीच्या जवळजवळ ६० पट असते, त्यामुळे कापडाची वीण, फळीवरच्या रेषा, डोळ्याच्या बाहुलीतले प्रतिबिंब यांना जागा मिळते. हे खरे आहे. परंतु तपशील हे तांत्रिक मूल्य आहे आणि डिजिटल कॅमेऱ्यांनी त्यात पुष्कळ मजल मारली आहे. दुसरे उत्तर स्मरणरंजनाचे. ते खोटे नाही, फक्त कंटाळवाणे आहे. तिसरे उत्तर नैतिक स्वरूपाचे असल्यामुळे अधिक गंभीरपणे तपासण्याजोगे ठरते : हे यंत्र संथ आहे, संथपणामुळे अवधान येते आणि अवधान हाच आदर होय. संथपणाच्या या समर्थनातच शेवटच्या दोन पायऱ्या फार घाईने चढलेल्या आहेत.

यंत्राची रीत बारकाईने पाहिली तर संथपणापेक्षा वेगळेच काही हाती लागते. तिपाईवर कॅमेरा उभा करायचा, भाता पुढेमागे करायचा, डोक्यावर काळे कापड घेऊन मागच्या घासलेल्या काचेवर उमटलेली प्रतिमा पाहायची. ती उलटी असते. माणसाचे डोके खाली, डावा हात उजवीकडे. मग भिंगाची झडप बंद करायची, फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची झाकणपट्टी ओढायची. होल्डर बसला की काचेवरची प्रतिमा नाहीशी होते. म्हणजे ज्या क्षणी चित्र घडते त्या क्षणी छायाचित्रकाराला ते दिसत नसते. तो कापडाबाहेर आलेला असतो, कॅमेऱ्याच्या शेजारी उभा असतो आणि समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी पाहत असतो. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा डोळ्याला लावल्यावर छायाचित्रकाराचा चेहरा झाकतो. इथे दोन्ही चेहरे उघडे राहतात. या आंधळ्या क्षणी आपला चेहरा कसा धरायचा याचा निर्णय समोरच्याकडे जातो. वॉल्टर बेन्यामिनने १९३१च्या आपल्या निबंधात जुन्या प्रतिमांविषयी असे सुचविले होते की, दीर्घ अवधीमुळे माणसे क्षणातून निसटण्याऐवजी त्या क्षणात मुरत गेली. रोलाँ बार्थने १९८०मध्ये भिंगासमोर बसलेल्या माणसाची जी अवस्था वर्णिली ती व्यक्तीची वस्तू होण्याची. दोघांचेही म्हणणे एकाच बैठकीविषयी एकाच वेळी खरे असू शकते.

वॉकर एव्हान्सच्या कामात हा पेच एकाच माणसाच्या हातून दोन टोकांना गेलेला दिसतो. १९३६च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी तो जेम्स एजीसमवेत अलाबामातील हेल काउंटीत गेला आणि कापसाची शेती वाट्याने करणाऱ्या तीन कुटुंबांची छायाचित्रे त्याने मुख्यतः ८ × १० इंची कॅमेऱ्याने घेतली. मासिकाने तो मजकूर छापला नाही; १९४१मध्ये ‘लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन’ हे पुस्तक निघाले. त्यात कुटुंबांची नावे बदललेली आहेत आणि छायाचित्रे प्रारंभी, मथळ्यांवाचून. ॲनी मे गजर असे जिचे नाव पुस्तकात आहे ती स्त्री घराच्या फळ्यांच्या भिंतीपुढे उभी आहे, ओठ मिटलेले, नजर थेट. तिने आपला चेहरा हवाली केलेला नाही. तो तिने धरून ठेवला आहे. पुढे १९३८ ते १९४१ या काळात हाच एव्हान्स न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत लपविलेला ३५ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन बसत असे. भिंग बटणांच्या फटीतून डोकावे, कळीची तार बाहीतून हातात आलेली असे. ही चित्रे ‘मेनी आर कॉल्ड’ या पुस्तकात संग्रहित व्हायला १९६६ साल उजाडले. छुप्या कॅमेऱ्यामागे एक जुने वास्तववादी गृहीतक आहे : माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा असतो, सावध चेहरा हा मुखवटा. हे गृहीतक कादंबरीच्या सर्वज्ञ निवेदकालाही परके नाही. हेल काउंटीतील चित्र त्याला उत्तर देते की, सावधपणा हाही चेहऱ्याचाच भाग आहे आणि गरिबाच्या बाबतीत तर तो बहुधा एकटाच त्याच्या मालकीचा असतो. मराठीत दलित आत्मकथनांच्या निमित्ताने कोणी कोणाविषयी बोलावे ही जी चर्चा झाली, तिचे मूळ याच ठिकाणी आहे.

परंतु इथे थांबले तर यंत्रालाच नीती बहाल केल्यासारखे होईल. त्यावर उतारा मुंबईतच आहे. विल्यम जॉन्सनचा मुंबईतील ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज’ हा दोन भागांतील संग्रह १८६३ आणि १८६६मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटा मोठ्या, बैठक संथ, समोरची माणसे आपले छायाचित्र घेतले जात आहे हे जाणणारी. तरी चित्रांना नावे आहेत ती जातींची आणि व्यवसायांची. व्यक्तीला नाव नाही. शिवाय अनेक चित्रांतील माणसे एका ठिकाणी उभी केलेली आणि त्यांच्यामागचा देखावा दुसरीकडचा, नंतर जोडलेला. ते कुठे उभे आहेत याची जाण त्यांना होती, पण ते कुठे उभे असलेले दिसणार आहेत याची नव्हती. त्यानंतर आलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांविषयी (१८६८ ते १८७५) वेगळे काही सांगावे लागत नाही. संथपणा वर्गीकरणालाही सोयीचा असतो. नमुना मोजायचा तर तो हलता उपयोगी नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो की मोठ्या कॅमेऱ्यासमोरचा माणूस नेमके काय मिळवतो. चेहरा धरण्याची मुभा त्याला मिळते, इतके निश्चित. चित्राचा अर्थ ठरविण्याची मुभा मिळत नाही. मराठी क्रियापदाची दुसरी बाजू इथे उघडी पडते. जमीन काढून घेतली, काम काढून घेतले असे आपण म्हणतो तेव्हा ‘घेणे’ कोणाकडे वळते ते स्पष्ट असते. ‘फोटो काढून घेतला’ या वाक्यात कर्ता बदलला की देणगीची हिरावणूक होते, आणि वाक्य मात्र तेच राहते.

हेल काउंटीतील चित्रांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. एव्हान्स सरकारी खात्यातून रजेवर होता, आणि कामाची मालकी खात्याकडे राहील अशी अट होती. १९८१मध्ये शेरी लेव्हिनने ही चित्रे पुस्तकी छपाईवरून पुन्हा छायाचित्रित करून स्वतःच्या नावाने प्रदर्शनात मांडली. लेखकाच्या मृत्यूची चर्चा जोरात असलेल्या त्या दशकात कर्तृत्व एव्हान्सचे की लेव्हिनचे यावर पुष्कळ लिहिले गेले; भिंतीपुढे उभ्या असलेल्या बाईचे त्यात काही कर्तृत्व आहे काय, हे क्वचितच विचारले गेले. १९८९मध्ये डेल महारिज आणि मायकेल विल्यमसन यांनी त्याच कुटुंबांचा पुढचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आपली गरिबी जगापुढे मांडली गेली याचा सल काही वंशजांच्या मनात तेव्हाही होता. म्हणजे तिने जो चेहरा शाबूत राखला तो प्रेक्षकांना प्रतिष्ठेचा वाटला आणि घरातल्या काहींना दारिद्र्याचा. दोन्ही वाचने निगेटिव्हमधून निघतात, आणि निगेटिव्ह इतके तपशीलवार आहे की त्यांपैकी एकही खोडता येत नाही.

एव्हान्सने त्या भिंतीपुढे तिच्या चार प्लेटा घेतल्या होत्या. चारही वेळा तो कापडाबाहेर येऊन उभा राहिला असणार, चारही वेळा तिने आपला चेहरा नव्याने धरला. कपाळावरची आठी आणि ओठांची ठेवण यांत फरक आहे. त्यांतली कोणती जगाने पाहावी, हे मात्र तिला कोणी विचारले नाही.