वळणावर उभे असताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील संत्राबागांचे नुकसान दुहेरी होते. मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहाराचा फुलोरा झाडावर असतो. अर्ध्या तासात दोन्ही खाली! दुसऱ्या दिवशी त्या बांधावर जाऊन आपण मंडळीतील माणसे काय बोलतो? बहुधा एवढेच की, ही प्रभूची इच्छा. यातूनही तो चांगलेच करील. हे बोलणे खोटे नाही. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौलाने याच अर्थाचे लिहिले आहे, आणि तो स्वतः फटके खाल्लेला माणूस होता. परंतु ते कोणी, कोणाला व केव्हा म्हणावे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

उपदेश करताना आम्हांला एक दृष्टान्त फार सोयीचा वाटतो. बहार धरण्यासाठी बागवान झाडाचे पाणी तोडून बागेला ताण देतो. पाने मलूल होतात, आणि मग पाणी मिळताच झाड फुलांनी भरून येते. देवही आपल्याला असाच ताण देतो, असे आपण सांगून मोकळे होतो. पण बागवान जमीन भारी की हलकी ते पाहून ताणाचे दिवस ठरवतो, बागेत फिरून पान न्याहाळतो आणि वेळेवर ताण तोडतो. गारपिटीला असले मोजमाप कोठे आहे? दोन्हींना एकच नाव देणे म्हणजे दुःखिताचे सांत्वन नव्हे. तो देवावर घेतलेला आळ आहे, असे मला वाटते.

योसेफाकडे पाहा. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकले, तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहिला. पुढे सुकाळाची ७ आणि दुष्काळाची २ वर्षे लोटल्यावर तो भावांपुढे रडला व म्हणाला की, देवानेच मला पुढे पाठवले. म्हणजे २२ वर्षांनी, आणि स्वतः योसेफ म्हणाला. हेच शब्द त्या दिवशी खड्ड्याच्या काठावरून भावांनी उच्चारले असते तर? आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. धाकट्या मुलाचे नाव त्याने एफ्राईम ठेवले, कारण देवाने त्याला फलद्रूप केले होते. कोठे? तर त्याच्या विपत्तीच्या देशात. हाती सत्ता आली, घर भरले, तरी त्याने मिसर देशाला विपत्तीचाच देश म्हटले. फळ आले म्हणून दुःखाचे नाव बदलले नाही.

आपल्या मराठी मंडळीतही असे उदाहरण आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्याचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला. टिळकांच्या दृष्टीने ती कृपा होती. कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मात्र संसारच मोडला. झाले ते बरे झाले, असे त्यांनी म्हटले नाही. त्या खचल्या, वियोग सोसला, पुन्हा पतीकडे आल्यावरही चूल वेगळीच ठेवली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, तोही पुष्कळ झगड्यानंतर. पुढे १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांत हसू होतेच, पण त्या दिवसांतले रडणेही त्यांनी पुसून टाकले नव्हते. मला तर त्या हसण्याची साक्ष अनेक प्रवचनांहून मोठी वाटते.

मग बांधावर जाऊन गप्प बसावे काय? काही वेळ तरी होय. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसले, हेच त्यांचे सर्वांत चांगले काम. तोंड उघडले आणि बिघडले. नंतर पडलेली फळे वेचू लागावे, पंचनाम्याच्या कागदांसाठी तहसीलपर्यंत बरोबर जावे, बँकेच्या हप्त्याचे विचारावे. शिल्लक काय आहे, हे त्या माणसाला दिसू लागेल तेव्हा तो आपण होऊन बोलेल. ते त्याचे वचन असेल. तोवर आपण त्याच्यासाठी आशा धरून ठेवावी, मोठ्याने न बोलता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. योसेफाचा धडा घेताना एकाच रविवारी खड्ड्यातून राजवाड्यात जाऊ नका. एक रविवार खड्ड्यापाशीच थांबा. तेथे एखादे मूल आपल्या घरचे काही सांगू लागले, तर पुस्तक मिटून त्याचे ऐका.