भाड्याच्या घराला वाली कोण?

पनवेलजवळच्या कोन गावातील इमारतींचा इतिहास घरांच्या धोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांखालून घालावा. 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला जादा चटईक्षेत्र द्यायचे, त्याच्याकडून 160 चौरस फुटांची घरे बांधून घ्यायची आणि ती कमी उत्पन्नाच्या लोकांना माफक भाड्याने द्यायची, अशी ती कल्पना. कोनची घरे या योजनेतली. 2016 च्या डिसेंबरात त्यांतल्या 2,417 घरांची सोडत निघाली, ती मात्र गिरणी कामगारांसाठी आणि मालकी हक्काने. दोन-दोन खोल्या जोडून केलेल्या प्रत्येक घराची किंमत 6 लाख. 1982 च्या संपानंतर या कामगारांनी जे सोसले, ते पाहता घर मिळाल्याबद्दल त्यांच्याशी कोणी भांडू नये. प्रश्न वेगळा आहे. भाड्यासाठी म्हणून बांधलेली घरे विकली गेली, तेव्हा त्यांच्या जागी भाड्याची दुसरी घरे कुठे उभी राहणार, हे कोणी विचारले नाही. आपल्याकडे परवडणारे घर म्हणजे विकत घेण्याचे घर, हे समीकरण इतके मुरले आहे की भाडेकरू हा गरजू माणूस धोरणाच्या हिशेबात येतच नाही.

हिशेब मांडूनच पाहू. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जानेवारी 2025 मध्ये जाहीर केलेल्या दरांत सर्वांत स्वस्त घर तळोज्यात होते, 25 लाखांच्या आसपास, आणि तेही आर्थिक दुर्बल घटकासाठी, म्हणजे वर्षाला 6 लाखांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबासाठी. पदरचे 5 लाख भरून उरलेले 20 लाख 8.5 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी काढले, तर हप्ता महिना 17 हजारांवर जातो. महिन्याला 50 हजार मिळवणारे कुटुंब ओढाताण करून तो भरेलही. पण तळोजा एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, कामोठ्यातल्या रुग्णालयातली नवी परिचारिका किंवा नव्या विमानतळावर सामान हाताळणारा मुलगा यांच्याकडे आधी 5 लाख कुठून येणार? पुढच्या वर्षी नोकरी कुठे असेल हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांना 20 वर्षांचे कर्ज नको, दोन-चार वर्षांचा निवारा हवा.

तो निवारा आज त्यांना देते कोण? सरकार नव्हे आणि मोठा बिल्डरही नव्हे. सोसायट्यांमधले वन बीएचके मिळवायचे तर भरभक्कम डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचे भाडे, अकरा महिन्यांचा करार आणि ‘फॅमिलीच हवी’ ही अट. ज्याला हे झेपत नाही तो गावठाणाकडे वळतो. कामोठे, रोडपाली, आसूडगाव या गावांत प्रकल्पग्रस्तांनी स्वतःच्या घरावर मजले चढवून खोल्या काढल्या. कागदोपत्री त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि ती नियमित करण्याचा घोळ वर्षानुवर्षे चालू आहे. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, 1984 च्या जासईच्या आंदोलनात ज्यांची माणसे गोळीबारात पडली, त्यांनीच या शहरातल्या हजारो कष्टकऱ्यांना परवडणारे छप्पर दिले. त्यातल्या कित्येक खोल्यांत उजेड नाही, अग्निशमनाची गाडी गल्लीत शिरत नाही. तरीही पनवेलचे खरे भाडेधोरण आजवर याच लोकांनी राबवले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की बाजाराला मोकळे सोडा, घरे वाढली की भाडी उतरतील. तसे असते तर 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 11 लाख घरे रिकामी सापडली नसती. घरमालकांना वाटणारी कायद्याची भीती हेही आता पुरते कारण नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावे लागते. खरे कारण परताव्याचे आहे. 25 लाखांच्या घरावर वर्षाला 3 टक्के भाडे धरले, तर महिन्याला जेमतेम सव्वासहा हजार हाती येतात. अटल सेतू आणि विमानतळामुळे किंमत चढेल या आशेवर घर कुलूपबंद ठेवणाऱ्याला एवढ्यासाठी भाडेकरूची कटकट नकोशी वाटते. याच कारणाने कोणी खासगी बिल्डर गरिबांसाठी भाड्याची इमारत बांधणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकार चांगला घरमालक होऊ शकत नाही. त्याला पुरावा म्हणून मुंबईतल्या बीडीडी चाळी दाखवता येतात. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या भाड्याच्या खोल्या शंभर वर्षांत मोडकळीस आल्या आणि शेवटी पुनर्विकासातून मालकीची घरे देऊन तो विषय मिटवावा लागत आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. भाडे नाममात्र ठेवले तर दुरुस्तीला पैसा उरत नाही आणि खोली पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहते. चूक या दोन गोष्टींत होती, भाड्याच्या कल्पनेत नव्हे. व्हिएन्नात महापालिकेची सुमारे 2 लाख 20 हजार घरे आजही भाड्याने चालतात, कारण तिथल्या पालिकेने ती विकून हात मोकळे केले नाहीत. पनवेलमध्ये भाडे खर्चाशी जोडलेले, करार ठरावीक मुदतीचा आणि दुरुस्तीचा निधी वेगळा, एवढी शिस्त पाळणे अशक्य नाही. नवी जमीनही लागणार नाही. सिडकोने तळोजा, कळंबोली आणि खांदेश्वर येथील प्रत्येक गृहप्रकल्पातला ठरावीक हिस्सा कायम भाड्यासाठी राखावा, तो कधीही सोडतीत न काढण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे आणि पनवेल महापालिकेने गावठाणातल्या खोल्यांना पाणी, जिना, वीज यांचे किमान निकष लावून त्या अधिकृत कराव्यात. पुढच्या सोडतीची जाहिरात निघण्याआधी हे ठरायला हवे.