नाकातला गोळा आणि कवटीचा तळ

१९६६ साली सिंगापूरच्या कांडांग केर्बाउ रुग्णालयात ३९,८३५ बाळं जन्मली आणि एकाच प्रसूतिगृहातल्या वर्षभराच्या जन्मांचा विक्रम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. लिटल इंडियाच्या जवळच्या या रुग्णालयाला आता सगळे ‘केके’ म्हणतात. सिंगापुरात मलाय, चिनी, तमिळ आणि आता थोडी मराठीही बाळं जन्मतात. एरवी हे कौतुकापुरतं असतं. पण मेंदूचा हर्निया, म्हणजे एन्सेफॅलोसील, बघताना बाळाचं मूळ कुठलं हे विचारावंच लागतं.

कवटीतल्या फटीतून मेंदू किंवा त्याचं आवरण बाहेर येतं, तो हा दोष. युरोप-अमेरिकेत तो बहुधा डोक्याच्या मागे दिसतो, म्हणून पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांचा नमुनाही तोच. थायलंड, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया या पट्ट्यात मात्र तो नाकाच्या मुळाशी येतो. साधारण पाच-सहा हजार जन्मांमागे एक, असा अंदाज दिला जातो. असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यांनी फुगवटा जिथे दिसला तिथलं नाव त्याला दिलं. ते साहजिकच होतं, कारण आतलं बघायला शवविच्छेदनाशिवाय मार्ग नव्हता. १९७२ साली बँकॉकच्या चरस आणि नितया सुवनवेला यांनी आपल्याकडच्याच रुग्णांवरून नाकाच्या मुळाशी येणाऱ्या या प्रकाराची नीट वर्गवारी केली. कवटीच्या आतलं तोंड जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असतं, कपाळाचं हाड आणि नाकामागचं जाळीदार हाड जुळतात तिथे. फरक पडतो तो बाहेर निघण्याच्या वाटेत: नाकाच्या वर, नाकाच्या हाडाखालून किंवा डोळ्याच्या खोबणीत. आपल्या भागातल्या आजाराचा नकाशा आपणच काढायचा असतो, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पण बाहेर काहीच दिसत नसेल तर? कवटीच्या तळातून उतरणारी पिशवी थेट नाकाच्या पोकळीत किंवा घशाच्या वरच्या भागात लोंबते. बाळाला श्वास घेताना त्रास होतो. तपासताना नाकपुडीत गुळगुळीत, ओलसर गोळा दिसतो. पॉलिप म्हणून सोडून द्यावं, तर तान्ह्या बाळाला पॉलिप क्वचितच होतो. बाळ रडलं किंवा मानेच्या शिरा हलक्या दाबल्या की गोळा फुगतो, कारण मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब त्यात उतरतो. नेहमीच्या सवयीने तपासणीसाठी तुकडा काढला, तर तेच पाणी गळू लागतं आणि मेंदूज्वराला वाट मिळते. वर्गीकरण हे पंडितांचं काम, असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा: योग्य कप्पा आठवला की चिमटा हातातच राहतो.

सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आला, तेव्हा हाडातलं भोक मोजता येईल असं वाटलं. मोठ्या मुलांत ते खरंही ठरलं. नवजात बाळात मात्र नाकाच्या छतावरची जाळी अजून कूर्चाचीच असते. कूर्चा सीटीत हाडासारखी उठून दिसत नाही, त्यामुळे निरोगी बाळालाही तिथे भोक असल्याचा भास होतो. पिशवीत नक्की काय आहे ते एमआरआय जास्त चांगलं सांगतो, आणि प्रश्नच बदलतो: फट कुठे आहे यापेक्षा आत काय उतरलंय? जतुकास्थीतून, म्हणजे तळाच्या मध्यभागच्या हाडातून, खाली येणाऱ्या पिशवीत पियूषिका ग्रंथी, हायपोथॅलॅमस, दृष्टीच्या नसा सापडू शकतात. अशा बाळांचे डोळे कधी एकमेकांपासून लांब असतात, कधी टाळू दुभंगलेला असतो. नुसतं टाळूचं ऑपरेशन ठरवून मोकळं होता येत नाही. आधी डोळ्यांचा पडदा आणि रक्तातली संप्रेरकं तपासावी लागतात.

आणि एवढं सगळं कळल्यावरही शस्त्रक्रिया कधी करायची, कवटी उघडून की टाळूतून की नाकातून दुर्बिणीने, यावर शल्यवैद्यांचं एकमत नाही. पिशवीतली पियूषिका काम करत असेल, श्वास चालू असेल आणि पाणी गळत नसेल, तर काही जण वाट बघतात.