पैठणीच्या घडीतल्या बॅटऱ्या

डिसेंबर २०२४. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल जुलैत सुरू झालं होतं आणि तिथून मी पहिल्यांदाच निघालो होतो. नागपूरला भाचीचं लग्न होतं. बरोबर बायको, दोन सुटकेस आणि माझा कॅमेऱ्याचा ड्रोन. काउंटरवरच्या मुलीने चित्रांचा तक्ता पुढे सरकवून विचारलं, "सर, चेक-इनच्या बॅगेत पॉवर बँक, लिथियम बॅटरी असं काही आहे का?"

मी "नाही" म्हणालो.

सुटकेसमध्ये बायकोच्या पैठणीच्या घडीत ड्रोनच्या दोन बॅटऱ्या होत्या. आदल्या रात्री ती झोपल्यावर मीच त्या तिथे सरकवल्या होत्या. हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. कॅमेरा आणि दोन लेन्स ठेवल्यावर जागा उरली नव्हती, आणि लेन्स मला बॅटरीपेक्षा प्यारी होती.

मला नियम माहीत नव्हता, असं म्हणायची सोय नाही. माझ्या एका बॅटरीवर ११.५५ व्होल्ट आणि ३५०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं आहे, म्हणजे साधारण ४० वॅट-तास. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विमानात नेता येते, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. हे आकडे मला पाठ होते आणि त्या रात्री मी त्यांचाच आडोसा घेतला. "आपली तर निम्म्याहून कमी आहे," असं स्वतःला सांगितलं. पण ती मुभा सोबतच्या बॅगेपुरती आहे. सुटी बॅटरी सामानाच्या कप्प्यात ठेवायचीच नाही, मग ती कितीही लहान असो. नियमाचा अर्धा भाग तोंडपाठ म्हणायचा आणि उरलेला गिळायचा, हे मी जाणूनबुजून केलं.

त्या उरलेल्या अर्ध्या भागामागचं कारणही मला ठाऊक होतं. बॅटरीच्या आतला पातळ पडदा फाटला की ती स्वतःच तापत जाते, आणि एका सेलची आच शेजारच्या सेलला पेटवते. केबिनमध्ये असं झालं तर धूर लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. खाली सामानात कुणाचा हात पोचत नाही. तिथला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या पोटातली उष्णता काढून घेत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धुरामुळे वैमानिकांना समोरची उपकरणंही दिसेनाशी झाली. विमान परत फिरलं, पण दोघेही वाचले नाहीत. हे मी ड्रोन घेतला त्याच वर्षी वाचलं होतं.

त्यात माझ्या दोन बॅटऱ्यांपैकी एक थोडी फुगलेली होती. ड्रोनच्या खाचेत बसताना ती अडायची, अंगठ्याने दाबावी लागायची. नवीन घ्यायची म्हणजे हजारो रुपये, म्हणून "लग्नापुरती चालेल" असं ठरवलं होतं.

तपासणीत बॅग अडली आणि आम्हाला बोलावलं. सुटकेस उघडायला सांगितली, पैठणी उलगडली गेली. समोरच्या माणसाने बॅटरी हातात घेतली, अंगठ्याने चाचपली आणि शांतपणे म्हणाला, "ही फुगलीय. ही कुठेच जाणार नाही."

तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. म्हणालो, "मिसेसनी बॅग भरली हो, चुकून राहिलं असेल."

बायको शेजारीच उभी होती. ती क्षणभर गोंधळली, माझ्याकडे पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाली, "सॉरी, माझ्या लक्षात आलं नाही." न केलेल्या चुकीची माफी मागून तिने पैठणीची घडी पुन्हा घातली. चांगली बॅटरी माझ्या हातात देण्यात आली, फुगलेली तिथेच राहिली. विमानात सुमारे १८० माणसं होती. पुढच्या रांगेत एक बाळ आईच्या खांद्यावरून सारखं आमच्याकडे बघत होतं. मला त्याच्याकडे पाहवेना.

मी विमानतळाजवळच धानोरीत राहतो. घरावरून विमानं उतरतात, कधी सुखोई जातं तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. म्हणून घराच्या गच्चीवरून ड्रोन उडवायचा मोह मी एकदाही होऊ दिला नाही. नागपूरच्या लग्नाचं लॉन ड्रोन उडवायला मोकळीक असलेल्या हिरव्या क्षेत्रात येतं की नाही, हेसुद्धा मी सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर दोनदा तपासलं होतं. याचा मला अभिमान होता. आता कळतं, गच्चीवर मला पोलीस दारात येण्याची भीती होती. काउंटरवर भीती नव्हती, तिथे फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी एक मुलगी होती. जिथे पकडला जाण्याची धास्ती, तिथे मी नियम पाळले. जिथे नुसतं खरं बोलायचं होतं, तिथे वाकलो.

परतताना बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती हातातल्या बॅगेत ठेवली. नागपूरच्या काउंटरवर तोच प्रश्न आला. "आहे, पण सोबतच्या बॅगेत," असं सांगितलं. उत्तर द्यायला दोन सेकंद लागले असतील. लेन्स गळ्यात घेऊन बसलो, त्यानेही काही बिघडलं नाही.

पण त्या दिवसापासून कुठेही निघायचं असलं की बायको सुटकेस भरून झाल्यावर पुन्हा रिकामी करते. प्रत्येक घडीत हात घालून पाहते आणि मला विचारते, "माझ्याकडून काही राहिलं नाही ना?" तिला खरंच वाटतं की त्या रात्री तिच्याच नजरेतून काही सुटलं होतं. मी दरवेळी "नाही" म्हणतो आणि बॅगेची चेन लावतो.

हे लिहून झालं की पहिल्यांदा तिच्या हातात देणार आहे. ती आत्ता आत उद्याची बॅग भरते आहे.