गोष्टीतलं कुणीतरी

दिवा मालवा. पाठ टेका.

शेजारी मूल आहे. त्याचं डोकं तुमच्या दंडावर. गोधडी दोघांना पुरेल इतकीच.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

"सांग ना," असा आवाज येईल. येऊ द्या. "सांगू या हं," म्हणा. आणि थोडं थांबा.

आज गोष्टीत एक नवं कुणीतरी येणार आहे. त्याला अजून नाव नाही, चेहरा नाही. ते या मुलासाठी येणार आहे. म्हणून आधी या मुलाजवळ थांबा.

ऐका. त्याचा श्वास ऐका. एक नाकपुडी जराशी चोंदलेली आहे. एक टाच तुमच्या पोटरीवर घासते आहे. केसांना खोबरेल तेलाचा वास आहे, आणि त्याखाली दिवसभराच्या उन्हाचा.

इथेच राहा जरा.

आता मुलाचा आजचा दिवस आठवा. सगळा नको. एकच क्षण.

तो अगदी लहान असू द्या. समजा, सकाळ आहे. मूल दाराशी बसून बुटाची नाडी बांधतं आहे. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. एक फास होतो. दुसरा त्यातून ओढताना पहिला सुटतो. पुन्हा. खाली रिक्षाचा हॉर्न वाजतो, आणि मोठं माणूस वाकून नाडी बांधून टाकतं.

तुमच्या घरात तो क्षण वेगळा असेल. जो आठवतो तो घ्या. त्यातून काही शिकवायचं नाही. नुसतं बघा.

नाडीचं टोक बघा. त्यावरची प्लास्टिकची नळी कधीच निघून गेली आहे. धागे फुललेत. छोटी बोटं ते टोक ओलं करून वळतात, भोकातून घालू पाहतात.

श्वास घ्या. सोडा.

आता डोळे मिटा. समोर एक गुहा येऊ द्या.

तोंडाशी ओला कातळ. आत काळोख. आतून गार वारा येतो आहे. त्याला शेवाळाचा वास आहे.

गुहेच्या तोंडाशी कुणीतरी उभं आहे.

पायांपासून बघायला लागा. बूट आहेत. एका बुटाची नाडी सुटली आहे. चिखलात लोळते आहे.

बघत राहा. वर बघायची घाई नको.

मनात आता गर्दी होईल. तलवार येईल, पंख येतील, अदृश्य होण्याचा मंत्र येईल. आपल्या लेकराच्या गोष्टीतला वीर सगळ्यांत बलवान हवा, असं वाटेल. वाटू द्या. तलवार कातळाला टेकून ठेवा. पंख बाजूला ठेवा.

पुन्हा नाडीकडे या.

१९७४ साल. अमेरिका. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गोष्ट रचत खेळायचा खेळ प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक पात्राला सहा गुण आहेत. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे. ३ ते १८, पडेल तो आकडा.

मनातल्या मनात फासे टाका. एकदा. पुन्हा एकदा. सगळे आकडे मोठे पडत नाहीत. कुठेतरी ५ पडतो.

त्या ५ पाशी थांबा. तो पुसू नका.

तुमच्या पात्राचा ५ कुठे आहे? त्याला अंधाराची भीती वाटते का? पटकन रडू येतं का? नाडी बांधता येत नाही का? गोष्टीला आत यायला तेवढी फट पुरते. मुलाला स्वतःला आत शिरायलाही तीच वाट आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता त्याच्या खिशाकडे बघा. खिसा फुगलेला आहे. आत काहीतरी आहे.

१९२५ साल. इंग्लंडमधलं फाइली नावाचं समुद्रकाठचं गाव. लेखक टॉल्किन यांचा लहानगा मायकल आपलं खेळण्यातलं कुत्रं किनाऱ्यावर हरवून बसतो. शिशाचं, इवलंसं कुत्रं. वडील शोधतात. ते सापडत नाही. मग ते मुलांना गोष्ट सांगतात. एक खराखुरा कुत्रा, जादूगाराने त्याला खेळणं करून टाकलेलं, आणि तो थेट चंद्रावर जातो.

किनाऱ्यावर हरवलेलं गोष्टीत चालू लागतं.

तुमच्या मुलाचं काय हरवलं आहे? पेन्सिल असेल. गावाला राहिलेलं मांजराचं पिल्लू असेल. शाळा बदलून गेलेली मैत्रीण असेल. विचारू नका. फक्त आठवा. आणि ते अलगद पात्राच्या खिशात ठेवा. कधी बाहेर काढायचं, ते मूल ठरवील.

पुन्हा गुहा. पुन्हा ओला कातळ, गार वारा. चिखलात नाडी.

आता वर बघा. चेहरा दिसतो आहे का? नसेल दिसत तर राहू द्या. तिथे अंधार असू द्या. मुलाला तो चेहरा तुमच्याआधी दिसेल.

आणि नाव?

स्टॉकहोम. १९४१. सात वर्षांची कारिन न्यूमोनियाने अंथरुणात आहे. ती आईला म्हणते, पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. असं कुणी त्या क्षणापर्यंत नाहीच. नाव कारिनने आत्ताच घडवलं आहे. आई, म्हणजे अस्ट्रिड लिंडग्रेन, ही कोण म्हणून विचारत नाही. ती गोष्ट सुरू करते. नाव जगावेगळं, म्हणून मुलगीही जगावेगळी होते. १९४५ साली पिप्पीचं पुस्तक निघतं.

तेव्हा नाव तुम्ही ठेवू नका. जागा रिकामी ठेवा. कानात हळूच विचारा, "याचं नाव काय गं?" किंवा, "काय रे?"

थांबा.

जे नाव येईल ते घ्या. ढमकूबाई आलं तर ढमकूबाई. रॉकेट आलं तर रॉकेट. हसू आलं तर दोघं मिळून हसा.

आता बोला. आवाज खाली. शब्द सुटे सुटे.

गुहा आहे. आत काळोख आहे. आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज येतो आहे. ढमकूबाई दाराशी उभी आहे. तिच्या नाडीची गाठ सुटली आहे.

आणि मग विचारा, "आता तू काय करशील?"

गोष्ट रचायच्या या खेळातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच आहे. विचारून झालं की पुढचं बोलू नका. उत्तर सुचवू नका. पंखा फिरतो आहे, तो ऐका. टाच घासायची थांबली आहे, ते जाणवू द्या. मूल विचार करतं आहे.

कदाचित ते म्हणेल, बूटच काढून टाकते. म्हणेल, आतल्याला हाक मारतो. म्हणेल, मला घरी जायचंय.

तुम्ही ठरवलेला राक्षस तसाच राहील. राहू द्या. शिकवायचा धडा राहून जाईल. तोही राहू द्या.

ते म्हणालं बूट काढते, तर अनवाणी पायांना लागणारा गार कातळ सांगा. म्हणालं घरी जायचंय, तर गुहेपासून घरापर्यंतची वाट सांगा. मुलाने जे निवडलं, ती आजची गोष्ट. तिथूनच पुढे सांगायला लागा.